वरची रेघ

पहिल्या चार वह्यांना बाईंनी नुसतं नाक मुरडलं, पाचव्या वहीला त्या चिडल्या, आणि दहाव्या वहीला त्यांचं लाल पेन हवेतच थांबलं. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. शिक्षकांच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बाहेर व्हरांड्यात शिपाई मावशी झाडत होत्या आणि दर दोन फटक्यांनी कागद टाकणाऱ्यांचा उद्धार करत होत्या. उद्या तपासनीस येणार म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सकाळीच फर्मान काढलं होतं, की सगळ्या वह्या आजच्या आज तपासून, सही करून ठेवा, उगाच उद्या माझी शोभा नको. पहिलीच्या अडतीस वह्या. काम तसं डाव्या हाताचं. फळ्यावरची दोनच वाक्यं पोरांनी पाचपाच वेळा उतरवली होती. सरळ चल. परत वळ. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, पहिलीच्या पोराला पेलेल एवढंच. अक्षरं बरी होती. कोणाच्या ळ ला दोनाऐवजी तीन पोटं होती, कोणाचा च पाठ फिरवून बसला होता, ते चालायचंच. पण वरची रेघ! वरची रेघ सगळ्यांचीच हलत होती. वाकडी म्हणावी तर तशीही नाही. वाकडी रेघ बाईंनी तीस वर्षं पाहिली होती. ती चढते, घसरते, मधेच दमून बसते. ही बारीक, एकसारखी, नेटाने काढलेली थरथर होती. जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून, मुद्दाम काढलेली.

एकाने केलं की सगळे करतात, मेंढरं नुसती, असं आधी बाईंच्या मनात आलं. उद्या उभं करते एकेकाला. मग त्यांच्या हाताला खोडरबरची वही लागली. खोडरबर म्हणजे खिडकीकडच्या रांगेतली, तिसऱ्या बाकावरची मुलगी. हजेरीपटावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ती एक अक्षर लिहून दोन खोडायची, पान फाटेपर्यंत खोडायची, म्हणून वर्गाने तिला खोडरबर करून टाकलं होतं आणि तिनेही ते मुकाट्याने मान्य केलं होतं. तिच्या पानावर रेघेखाली अजून एक रेघ होती. बाईंनी वही खिडकीशी नेली, तिरकी धरली. खोडलेली रेघ पुरती जात नाही, कागदावर तिचा चर राहतो. तो चर सरळ होता. पट्टी लावल्यासारखा सरळ. पोरीने आधी सरळ रेघ ओढली होती, मग ती घासूनपुसून काढली होती आणि तिच्यावर ही थरथरती बसवली होती. दहा ओळींत दहा वेळा. बाईंनी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर रेघा अजून सरळ होत्या आणि त्यांच्याखाली लाल शाईत बाईंच्याच हाताने शेरा होता : फळ्यावर बघून नीट काढ. त्या दिवशी पोरीची अक्षरं दोन ओळींत मावत नव्हती, शेरा त्यासाठी होता. ते पोरीला कोण सांगणार? तिने फळ्यावर बघितलं होतं, आणि नीट काढलं होतं.

बाई उठल्या. पहिलीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता, मावशी अजून तिथवर पोहोचल्या नव्हत्या, फळा पुसलेला नव्हता. बाई फळ्यापाशी गेल्या नाहीत. तीस वर्षं त्या फळ्यापाशीच गेल्या होत्या. आज त्या खिडकीकडच्या रांगेतल्या तिसऱ्या बाकावर, गुडघे दुमडून, कशाबशा बसल्या आणि पोरांच्या उंचीवरून त्यांनी आपलं अक्षर पाहिलं. नाकासमोर धरून लिहिलेलं लिहिणाऱ्याला दिसत नाही, हे पोरांना सांगायला बाई नेहमी पुढे. सरळ चल, असं फळ्यावर लिहिलेलं होतं आणि त्याच्यावरून रेघ कापत कापत पलीकडे गेली होती. आडातच होतं, म्हणून पोहऱ्यात आलं. अडतीस पोहऱ्यांत आलं. बाईंना हसू फुटलं, अगदी मोठ्याने, आणि त्या हसण्याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली. त्यांनी उजवा हात बाकावर ठेवला. तो गप्प होता. शहाण्यासारखा पडून होता. उचलला, की अंगठ्यापासून एक बारीक कुरकुर सुरू व्हायची, आणि बाई तिला आजवर काय काय नावं देत आल्या होत्या! खडू ओले आलेत. खांदा अवघडलाय. फळ्याचा रंग उडालाय. वय झालं, दुसरं काय. पण वय झालं हे म्हणायचं असतं, ते खरं नसतं.

खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, आणि मोठ्या बाईंना कळलं की काय होईल तेही. गेल्या वर्षी तिसरीच्या बाईंचा घसा बसला तो बसलाच. मोठ्या बाई अगदी गोड बोलल्या, तुम्ही आता दगदग करू नका हो, आणि त्या बाईंना नकाशे आणि डस्टर ठेवायच्या खोलीत खुर्ची दिली. खुर्ची चांगली होती. गादीची होती. तिसरीच्या बाई आता तिथे बसून दारातून जाणाऱ्या पोरांकडे बघतात आणि पोरं त्यांना ओळखत नाहीत. पहिलीचा फळा म्हणजे या शाळेत मान होता. हाताला वळण लावायचं ते तिथेच, पुढच्या सगळ्यांनी त्याच वळणावर लिहायचं. गावभर दुकानांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत माणसं काहीतरी लिहीत होती आणि त्यांच्या अक्षरात बाईंचा ळ होता. बाई तो लांबूनही ओळखायच्या. फळा गेला तर बाईंकडे काय उरणार होतं? लेक परगावी, तिच्या संसारात. घरी नवरा आणि त्याचा पेपर. बाईंना वर्ग हवा होता. त्यात कसलाही मोठेपणा नव्हता, त्यांना तो हवा होता एवढंच. उद्याचा दिवस निभावला की पुढे सुट्टी लागत होती. सुट्टीत बघू. त्यांनी परत येऊन उरलेल्या वह्यांवर नुसत्या सह्या ठोकल्या.

घरी जाताना त्या नेहमीच्या रस्त्याने गेल्या नाहीत. नेहमीच्या रस्त्यावर पाट्या फार होत्या. हल्ली पाट्या छापून येतात, त्यांची रेघ मेल्यासारखी सरळ असते, पण पाटी ती पाटी, बाईंची मान आपसूक वर व्हायची, ही लहानपणची सवय. बाई तेव्हा बाई नव्हत्या, पेंटरची पोर होती. बाबा पाट्या रंगवायचे. शिंप्यांच्या, दवाखान्यांच्या, खानावळींच्या. पोरीचं काम दोरी धरायचं. दोरीला खडूची पूड फासायची, एक टोक बाबांनी धरायचं, एक पोरीने, ताणायची, आणि बाबा मधे चिमटीत धरून सोडायचे. फट्! पाटीवर पांढरी रेघ उमटायची. याला ते सूत मारणं म्हणायचे. मग अक्षरं. अक्षरं सगळी लिहून झाली, वाळली, की शेवटी शिडीच्या वरच्या पायरीवरून ती एक रेघ, वरची, एका दमात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा श्वास धरायचे. खाली शिडी धरून उभी पोर, तीही धरायची. अक्षरं कोणीही काढील, बाबा म्हणायचे, वरची रेघ ओढायला माणूस लागतो. पोर ते शाळेत जाऊन सांगायची. तिला वाटायचं आपले बाबा राजा आहेत आणि ही गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

आणि मग ती चपलांच्या दुकानाची पाटी. बाई रस्त्याच्या कडेने चालत होत्या, एक सायकलवाला घंटी वाजवून ओरडून गेला, तरी मनाने त्या त्याच पाटीखाली उभ्या होत्या. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं. बाबांनी रेघ ओढली, शिडी उतरले आणि लांब जाऊन बघायला लागले. त्यांच्या आधी दुकानाचा मालक बघत होता. रेघ सुरुवातीला ठीक होती, मग ती कापायला लागली होती आणि शेवटपर्यंत कापत गेली होती. मालक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय पेंटर, सकाळी सकाळीच घेऊन आलात वाटतं?" रस्त्यावरचे चारदोन जण हसले. बाबाही हसले, हे पोरीला दिसलं. पण पोर नऊ वर्षांची होती आणि तिचं रक्त उसळलं. "माझे बाबा पीत नाहीत!" ती किंचाळली. "त्यांचा हात कापतो नुसता!" हसणं थांबलं. ते थांबणं हसण्याहून वाईट होतं. मालकाचा चेहरा मऊ झाला, तो हळू आवाजात म्हणाला, राहू द्या पेंटर, आम्ही बघतो. बाबांनी रेघेकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं नाही. "दोरी गुंडाळ," ते म्हणाले.

दारुड्याला लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. हात कापणाऱ्याला कोणी बोलावत नाही. पंधरा दिवसांत गावभर झालं. बाबा मग काकांच्या दुकानात पुड्या बांधायला बसायचे, आणि त्याही सैल बांधायचे. पुढे अकरा वर्षं जगले. अकरा वर्षांत एकदाही त्यांनी पोरीला त्यावरून शब्द ऐकवला नाही. ऐकवायला हवा होता. एक थोबाडीत दिली असती तर फिटलं असतं. पोरगी पदर खोचून अक्षराच्या मागे लागली, गावात नाव काढण्याइतकं अक्षर केलं, शिक्षिका झाली, आणि प्रत्येक वर्षी पहिल्या दिवशी पोरांना सांगत राहिली, की बाळांनो, वरची रेघ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी, अक्षरं म्हणजे कपडे. दोरी ताणून बांधली नाही तर कपडे मातीत. पोरं हसायची. बाई हसायच्या. शिडीखालच्या पोरीला कोणी हसताना पाहिलं नाही.

नवऱ्याने चहा आणून ठेवला. तो टपाल खात्यातून निवृत्त झालेला, चाळीस वर्षं जगाची अक्षरं वाचलेला माणूस. कोणी कितीही कोंबडीचे पाय काढले तरी पत्ता बरोबर लावायचा. बाईंनी कपाकडे पाहिलं. कप अर्धा होता. रोजच अर्धा असायचा आणि रोज बाई म्हणायच्या, काय हो, दूध आटलं का गावातलं? आज त्या म्हणाल्या नाहीत. आज त्या कपाकडे बघत राहिल्या.

"तुम्ही मला अर्धाच कप का देता?"

"पित्त होतं ना तुला."

"खरं सांगा."

नवऱ्याने पेपरची घडी घातली, ती पुन्हा घातली. "भरलेला सांडतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दिवाणाचं कव्हर धुतलंस बघ, तेव्हापासून. आठ महिने झाले असतील."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू भरून मागितला असतास," नवरा म्हणाला. "आणि मग भांडली असतीस, कव्हर खराब झालं म्हणून."

बाईंना राग आला, असा आला की कप उचलून आपटावा. आठ महिने हा माणूस स्वयंपाकघरात उभा राहून कपात मोजून चहा ओततोय आणि आपण त्याला चिक्कू म्हणतोय! त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. बशीवर तो किणकिणला. दोघांनी ऐकलं, दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. मग नवरा म्हणाला, "मोठ्या बाईंना सांगून टाक. डॉक्टरकडे जाऊ. हल्ली औषधं असतात." "उद्या तपासनीस येतोय," बाई म्हणाल्या. "उद्याचं होऊ दे." "उद्या कळलं तर?" "वह्या कोण नीट बघतंय! सह्या बघतात." नवऱ्याने मान हलवली. वाचता न आलेलं पाकीट परत पाठवायच्या ढिगात टाकताना तो अशीच मान हलवत असणार. बाईंनी त्यानंतर पेपरच्या कोऱ्या कडेवर एक रेघ ओढून पाहिली, एक डाव्या हाताने, एक मनगट दुसऱ्या हाताने दाबून. मग कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातून बाबांची दोरी काढली. खडूची पूड मुरून ती पांढरीफटक आणि कडक झाली होती. ती त्यांनी पर्समध्ये टाकली.

सकाळी शाळा भरायच्या आधी पाऊण तास बाई वर्गात हजर. कालची दोन वाक्यं त्यांनी फळ्यावर पुन्हा लिहिली, वरची रेघ तेवढी काढली नाही. सूत मारायचं, अक्षरांवरून पुसट रेघ उमटवायची, तिच्यावरून खडू फिरवायचा. कोणाच्या बापाला कळणार नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि जीभ चावली. दोरीला पूड फासली. एक टोक फळ्याच्या डाव्या कडेला धरलं, दुसरं उजव्या कडेला न्यायचं तर हात पुरेनात. चिकटपट्टीने टोक चिकटवलं, ताण दिला, ते सुटलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा सुटलं. खिळ्याला बांधावं तर खिळा खाली, तक्त्यांचा. सूत एकट्याने मारता येत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ज्या पोरीने शंभर वेळा दुसरं टोक धरलं ती ही विसरली होती. व्हरांड्यात मावशींचा झाडू वाजत होता. त्यांना हाक मारावी? मावशींना कळणं म्हणजे गावात दवंडी. बाईंनी दोरी पर्समध्ये कोंबली आणि हातभर पट्टी घेऊन तुकड्या-तुकड्यांनी रेघ ओढली. सांधे दिसत होते, पण रेघ सरळ होती. हातांना घाम सुटला होता, खडू ओला झाला. या वेळी खरोखरच ओला.

तपासनीस दुसऱ्या तासाला आले. बाईंना वाटलं होतं कोणी जाडजूड, खेकसणारा असेल. हा तिशीचा, बारीक, अतिशय नम्र माणूस निघाला, आणि नम्र माणसं नीट बघतात. मोठ्या बाई त्यांच्या मागे, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू. अडतीस पोरं एका सुरात नमस्ते म्हणाली. तपासनीस फळ्याकडे बघत राहिले. "अक्षर वळणदार आहे हं," ते म्हणाले. मोठ्या बाई फुलल्या. "आमच्या बाईंचंच वळण आहे सगळ्या शाळेला!" बाई हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. मागे, उजवा हात डाव्याच्या मुठीत, पकडलेल्या पाखरासारखा. "एखादा नवीन शब्द लिहून देता का?" तपासनीस म्हणाले. "मुलं कशी उतरवतात ते बघू या." आणि त्यांनी स्वतःच खडू उचलून पुढे केला.

"आधी वह्या बघा ना," बाई घाईने म्हणाल्या. "कालच्याच आहेत. सगळ्या तपासलेल्या." बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. आगीतून फुफाट्यात, आणि तेही आपल्या पायांनी चालत. तपासनिसांनी खडू परत ठेवला आणि जवळच्या रांगेतल्या वह्या उचलल्या. खिडकीकडची रांग. एक पाहिली, दुसरी पाहिली. तिसरी जरा जास्त वेळ पाहिली. मग पहिलीकडे परत गेले. पंखा फिरत होता आणि त्याचं एक पातं दर फेऱ्याला टक् करत होतं. बाईंनी ते टक् टक् मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"ही शिरोरेषा अशी का आहे?" त्यांनी विचारलं. कोणाचंच नाव न घेता, सगळ्या वर्गाला. "सगळ्यांचीच?" मोठ्या बाईंनी मान पुढे काढून बघितलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून बडबड्या उभा राहिला. वर्गात कोणीही काहीही विचारो, उत्तर त्याच्याकडे तयार. "सर, वारा सुटलाय!" "काय?" "वरची रेघ म्हणजे दोरी असते ना, कपड्यांची. बाईंनी सांगितलंय. वारा सुटला की दोरी हलते!" पोरं खो खो हसली. तपासनीस आधी गोंधळले, मग तेही हसले, मनापासून. "अस्सं! छान, छान!" मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. "आमच्या बाईंचं हे असं असतं बघा, खेळातून सगळं. पुढे करून घेतात त्या सरळ." आणि बाईंना, तीस वर्षांत कुठलंच पोर आवडलं नव्हतं एवढा, बडबड्या आवडला. सुटले. अगं, सुटले! सुट्टी लागतेय, औषधं असतात, सुट्टीनंतर कोण जाणे. त्यांच्या पाठीमागच्या मुठीतला हातही सैल पडला.

तपासनिसांच्या हातात अजून खोडरबरची वही होती. ती ठेवता ठेवता त्यांनी सहज, अगदी लाडाने, वाकून तिला विचारलं, "काय गं, खरंच वारा सुटलाय का?"

खोडरबर उभी राहिली. तिने तपासनिसांकडे पाहिलं नाही. तिने बाईंकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नव्हे, कोपराकडे, जिथून हात मागे वळला होता तिथे. तिला ठाऊक होतं. अर्थातच तिला ठाऊक होतं. दहा ओळींत दहा वेळा आपली सरळ रेघ पुसून दुसऱ्याची थरथर हुबेहूब काढणाऱ्या पोरीला ती कुठून येते हे ठाऊक असणारच. तिचे ओठ हलले आणि मिटले. तिचे कान लाल झाले. खोटं बोलावं तर बाई रोज सांगतात खोटं बोलू नये, खरं बोलावं तर बाईंचं सांगून टाकल्यासारखं होतं. सहा वर्षांची पोर, आणि तिच्या तोंडात ते वाक्य येऊन थांबलेलं बाईंना स्पष्ट दिसलं. ते वाक्य बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. जवळजवळ पन्नास वर्षं त्या ते घेऊन हिंडत होत्या. ते किती वजनाचं आहे, झोपेत कुठल्या कुशीवर टोचतं, लग्नात, बाळंतपणात, बापाच्या तिरडीपाशी कसं पुढे येऊन उभं राहतं, हे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. आता ही पोरगी तोंड उघडणार होती. हो म्हणाली तरी ते तिचं होणार होतं आणि नाही म्हणाली तरी.

"तू बस," बाई म्हणाल्या.

आवाज इतका मोठा आला की मोठ्या बाई दचकल्या. बाईंनी मागचा हात पुढे काढला आणि सगळ्या वर्गासमोर, तपासनिसांसमोर, हवेत धरला. तो कापत होता. जोरात नाही, पण तिसऱ्या बाकावरून दिसेल एवढा.

"वारा नाही," बाई म्हणाल्या. "माझा हात कापतो. मुलांची काही चूक नाही. मी फळ्यावर जशी काढली तशी त्यांनी काढली. हिने तर सर्वांत बरोबर काढली."

कोणी हसलं नाही. ही शांतता बाईंच्या ओळखीची होती. त्या तिच्यात उभ्या राहिल्या आणि मेल्या नाहीत, याचं त्यांना नवल वाटलं. तपासनिसांचा चेहरा मऊ झाला. हाही ओळखीचाच. "कधीपासून?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "वह्या मागे उलटत जा," बाई म्हणाल्या, "नळ आणि घर या शब्दांना रेघ सरळ आहे. बदक हलतंय." मोठ्या बाई पुढे आल्या, त्यांनी बाईंच्या दंडाला हात लावला, आणि गेल्या वर्षी तिसरीच्या बाईंसाठी वापरलेला गोड आवाज काढला. "तुम्ही आता दगदग करू नका हो. उद्यापासून पहिलीला दुसरीच्या बाई बघतील. आपण ऑफिसात बोलू, चला." बाईंना ते लागलं. ठाऊक असून लागायचं तेवढं लागलं. "उद्यापासून ना?" त्या म्हणाल्या. "मग हा तास माझा आहे. वीस मिनिटं आहेत अजून."

मोठ्या बाईंनी तपासनिसांकडे पाहिलं. तपासनिसांनी खोडरबरची वही बाकावर ठेवली, नीट, बाकाच्या कडेला समांतर, आणि मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले. मोठ्या बाई दारातच थांबल्या.

बाईंनी डस्टर घेऊन सकाळची तुकड्या-तुकड्यांची रेघ पुसून टाकली. पुसायला हात कापला तरी चालतो. फळ्यावर उघडी अक्षरं राहिली, डोक्यावर काही नसलेली, आणि बडबड्या लगेच म्हणाला, "बाई, कपडे पडले!" "गप रे," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून दोरी काढली, खडूची पूड बोटांनी तिला फासली, अर्धी पूड खाली सांडली. "तू ये गं," त्यांनी खोडरबरला बोलावलं. ती आली. बाईंनी तिच्यासाठी खुर्ची फळ्याच्या कडेला ओढली, तिला वर चढवलं आणि दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. "इथे धर. अंगठ्याने दाब. काहीही झालं तरी सोडायचं नाही."

पोरीने टोक धरलं. मग इतका वेळ तोंडात धरून ठेवलेलं एकदाचं बोलली, अगदी हळू, बाईंनाच ऐकू जाईल असं. "बाई, मला दोरीशिवाय येते. सरळ."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "मला येत नाही ना आता. म्हणून तू धर."

पोरीने मान हलवली आणि दोन्ही अंगठे दोरीवर रोवले. बाई दुसरं टोक घेऊन फळ्याच्या दुसऱ्या कडेला गेल्या. दोरी ताणली गेली. त्यांच्या टोकाला ती थोडी कापत होती, पोरीच्या टोकाला नव्हती. वर्गाने श्वास धरला होता. बाईंनी डाव्या हाताने टोक दाबलं, जरा वाकून उजव्या हाताच्या चिमटीत दोरी धरली, मागे ओढली आणि सोडून दिली.